करंगळीकडचं हाड

८ जानेवारी

मुंगी,

पाकिटावरचं अक्षर ओळखशील आणि हे न उघडता कुठेतरी टाकून देशील, हे धरूनच लिहायला बसले आहे. त्याचा एक फायदा आहे. कसं लिहू, काय लिहू, याचा फार विचार करावा लागत नाही.

बाबांना पोचवून आलो त्या दिवशी मी जे बोलले, त्याबद्दल हे पत्र नाही. मला फक्त माझ्या वर्गाबद्दल कुणाशी तरी बोलायचंय. हाडांचा विषय निघाल्यावर तोंड वाकडं न करणारं माणूस आपल्या घरात तू एकटीच होतीस. मेलेल्या चिमणीचा पंख उलगडून तू तासभर बघत बसली होतीस आणि आई हाका मारून दमली होती, आठवतं का?

यंदा मला नववीचा असा वर्ग मिळालाय जो शाळेत कुणालाच नको होता. निम्मी मुलं बाकावर डोकं टेकून झोपायची. उरलेली रेडिओ ऐकायची. रेडिओ म्हणजे एक मुलगाच आहे. फाटकात शिरताना सुरू होतो तो घरी जाईपर्यंत चालूच, म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात. आणि खिडकीपाशी बसणारी एक मुलगी आहे, घड्याळजीची. हजेरीला ‘आहे’ म्हणण्यापलीकडे तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता.

एके दिवशी मी पुस्तक मिटलं आणि प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातून पाहुण्यांना पुढे आणलं. पाहुणे म्हणजे आमचा सांगाडा. प्लास्टिकचा नाही, खरा. चाकाच्या लोखंडी स्टँडला टांगलेला असतो. कधीपासून आलेत ते माहीत नाही, बसा म्हटलं तरी बसत नाहीत आणि जायचं नाव घेत नाहीत, म्हणून पाहुणे. हे नाव माझ्याही आधीचं आहे.

मी म्हटलं, “ह्यांना काय विचारायचं ते विचारा.”

रेडिओ म्हणाला, “बाई, हे बोलतात?”

“बोलतात. पण मध्ये मध्ये बोलणाऱ्याला काही सांगत नाहीत.”

वर्ग हसला. मग मी एकेकाला पुढे बोलावून दंडाच्या हाडावर बोट फिरवायला लावलं. तिथे एक खडबडीत जागा असते, स्नायू ओढून ओढून झालेली. म्हटलं, हाड म्हणजे दगड नव्हे. माणूस जिवंत असतो तोवर ते आतून रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं बांधलं जातं. ओझी वाहणाऱ्याची ओझी, शिवणकाम करणारीचं वाकणं, सगळं त्यात उतरतं. माणूस खोटं बोलू शकतो, पण त्याचं हाड खोटं बोलू शकत नाही. फक्त हाडाला विचारायचं, आपल्या मनाला विचारायचं नाही. मी बोलत सुटले. केव्हा टेबलावर चढून बसले मला कळलं नाही, घंटा झाली तेही कळलं नाही. गंमत म्हणजे मुलांनाही कळलं नाही. पुढच्या तासाचे सर दारात येऊन खाकरले तेव्हा सगळे दचकलो.

आता ही मुलं शाळा भरायच्या आधी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी असतात. इतक्या वर्षांत माझ्या बाबतीत हे पहिल्यांदा होतंय. सुख वाटतं. थोडी भीतीही वाटते.

एक सांगायचं राहिलं. पाहुण्यांचा डावा हात कधी कधी आपोआप वर जातो. सकाळी कुलूप काढावं तर कोपरात वाकून कपाळापुढे आलेला असतो. शिपाईकाका म्हणतात, उंदीर. मुलं म्हणतात, सलाम ठोकतात. मी तो खाली करते आणि कामाला लागते.

तू अजून डाव्या कुशीवरच झोपतेस का?

ताई


२१ जानेवारी

मुंगी,

उत्तर येईल असं वाटलं नव्हतंच. पण पत्र परतही आलं नाही, हे मी माझ्या बाजूने मोजतेय.

मोडलेल्या हाडांचा तास घेतला. सांधलेल्या जागी गाठ राहते, ती जन्मभर जात नाही, आणि ती कुठे आहे यावरून पुष्कळ कळतं, असं सांगत होते. कोपरापासून मनगटापर्यंत आपल्याला दोन हाडं असतात, एक अंगठ्याकडचं, एक करंगळीकडचं. पडताना माणूस तळवा टेकतो. मग मोडतं ते बहुतेक अंगठ्याकडचं, अगदी मनगटाशी. पण कुणी मारायला धावलं तर हात आपसूक असा वर जातो. हे मी करून दाखवलं, हात कपाळावर आडवा धरून. घाव बसतो करंगळीकडच्या हाडावर, मधल्या भागात, आणि ते एकटंच मोडतं.

मी हात तसाच धरून उभी होते. मला वाटलं कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. सगळा वर्ग माझ्या पाठीमागे बघत होता.

मी वळून पाहिलं. पाहुण्यांचा हात माझ्यासारखाच वर होता.

वाऱ्याने झालं असेल, मी टेबलाला धक्का दिला असेल. तसं मी मुलांना म्हटलंही. तेवढ्यात घड्याळजीची मुलगी उठली, पुढे आली, आणि न विचारता त्या हाताच्या बाहेरच्या कडेवरून बोट नेलं. वर नेलं, खाली आणलं, मग एका जागी थांबली.

“बाई, इथे गाठ आहे.”

होती. जाड पिवळ्या वार्निशखाली, करंगळीकडच्या हाडावर, कोपर आणि मनगट यांच्या मधोमध. अंगठ्याकडचं हाड शाबूत. मी इतकी वर्षं तो हात खाली करत आलेय, पण कधी बोट फिरवून पाहिलं नव्हतं. का नाही पाहिलं, ते तू विचारू नकोस.

तेव्हापासून मुलांना वेडच लागलंय. घरी जाऊन सगळ्यांचे हात चाचपतात. सकाळी वर्गात शिरले की बातम्या. “बाई, आजोबांचं मनगटाशी आहे, सायकलवरून पडले होते!” “बाई, काकाच्या बोटाला गाठ, बॉल लागलेला!” मी फळ्यावर मांडून दाखवते, कुठलं का आणि कसं. एवढा उत्साह मी कुठल्याच वर्गात पाहिला नाही. फक्त रेडिओ बोलायचा थांबलाय. सोमवारी आला तो गप्पच. काही सापडलं का विचारलं तर मान हलवली. हो म्हणाला की नाही, तेच कळलं नाही.

आता विचारतेच.

आईचा हात मोडला तेव्हा मी परीक्षेसाठी मावशीकडे होते. परत आले तेव्हा प्लास्टर घातलेलं होतं. ते निघाल्यावर मी तिच्या हाताला कधी हात लावला नाही. तेरा वर्षांची होते, तेव्हा कुणाच्याच जवळ जायचे नाही. तू मात्र ती जाईपर्यंत तिच्या डाव्या हातावर डोकं ठेवून झोपायचीस. मुंगी, गाठ कुठे होती? मनगटाशी, अंगठ्याकडे? की दुसरीकडे?

मला काय वाटतंय ते तुझ्या लक्षात आलं असेल. ती त्या दुपारी दोऱ्याचं रीळ आणायला म्हणून गेली आणि आली नाही. कुणी नदी म्हणालं, कुणी स्टेशन. बेवारस माणसांचं पुढे काय होतं ते मला माझ्या विषयामुळे माहीत आहे. शाळांमधले सांगाडे कुठून येतात ते मात्र कुणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

ताई


६ फेब्रुवारी

मुंगी,

तुझं कार्ड आलं. ‘आई पडली होती. पुन्हा लिहू नकोस.’ तुझं अक्षर थेट बाबांसारखं झालंय, मला क्षणभर धक्काच बसला.

फक्त एवढं सांगून थांबते. तुझा जीव टांगणीला लावून ठेवणं बरं नाही.

मुलांनी ठरवलं, पाहुणे कोण ते शोधायचं. मी म्हटलं शोधा. पण मी सरळ वागत नव्हते. बोलताना ‘ह्या बाई’ असं म्हणत होते. ‘ह्या बाईंचं वय चाळिशीचं असावं’, असं मीच त्यांच्या तोंडात घालत होते. घड्याळजीच्या मुलीने विचारलं, “बाई, बाई कशावरून?” मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं.

मग ते कमरेच्या हाडापाशी गेले. तिथे मागच्या बाजूला एक खाच असते. तिच्यात अंगठा घालून पाहायचा. बाईच्या हाडात अंगठा इकडेतिकडे हलतो, पुरुषाच्या हाडात अडकून बसतो. हे मीच शिकवलेलं. रांग लावून एकेकाने अंगठा घातला. कुणाचाच हलेना.

“कधी कधी बायकांचीही खाच अरुंद असते,” मी म्हटलं.

“कवटीपण बघितली बाई,” मुलगी म्हणाली. “हनुवटी, कानामागचा उंचवटा, भुवयांची कड. सगळं पुरुषाचं येतंय.”

“पुन्हा बघा.”

“पुन्हा बघितलं.”

“तरी पुन्हा बघा!”

माझा आवाज चढला असावा. आणि एवढे दिवस मुका झालेला रेडिओ मागच्या बाकावरून म्हणाला, “बाई, तुम्हीच सांगितलंत. हाडाला विचारायचं, मनाला नाही.”

मी खुर्चीत बसले. मग त्यांनी मला गळ्याखालचं हाड दाखवलं. छातीकडचं त्याचं टोक अजून पुरतं जुळलेलं नाही, म्हणजे वय फार तर विशी-बाविशीचं. पाहुणे म्हणजे एक तरुण मुलगा होता. “आपल्यापेक्षा थोडेच मोठे होते,” कुणीतरी म्हणालं. त्यावर सगळ्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

अशी मुलं शिक्षकाला जन्मात एखाद्या वेळी मिळतात, आणि त्या क्षणी मला ती नको झाली होती. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. ती तिथे कोपऱ्यात असावी, एवढी वर्षं माझ्या तासांना हजर असावी, असं मला वाटत होतं, हे तेव्हा कळलं.

तर पाहुणे म्हणजे आई नाही. तुला उगीच छळलं. आता लिहीत नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

मुंगी,

लिहीत नाही म्हटलं होतं. पण ऐक.

काल मुख्याध्यापक एका पालकांना घेऊन प्रयोगशाळेत आले, ऐन तासात. रेडिओचे वडील. अतिशय सभ्य माणूस, आवाज मऊ, बूट चकाचक. म्हणाले, “मॅडम, मुलगा घरी भलतंसलतं बोलायला लागलाय. जेवताना आईचा हात धरून बसतो. अभ्यासक्रमात हे कुठे आहे, तेवढं दाखवा.”

मी बोलायला लागणार, तेवढ्यात त्यांची नजर पाहुण्यांवर गेली. हात वर होता. सकाळीच मी खाली केलेला.

ते हसले. “हे काय, ह्यांना शिस्त नाही वाटतं.” पुढे झाले, दोन बोटांनी मनगट धरून हात खाली केला.

हात पुन्हा वर आला.

सावकाश नाही, एका झटक्यात, कपाळाच्या पुढे. त्यांनी पुन्हा खाली केला, जरा जोरात. पुन्हा वर. तिसऱ्यांदा त्यांनी हात आवळून खाली दाबून धरला, आणि त्या मऊ चेहऱ्याखालून जे वर आलं ते मी पाहिलं, मुख्याध्यापकांनी पाहिलं, पोरांनी पाहिलं. रेडिओ बाकाखाली बघत होता. वडिलांनी हात सोडला. तो वर आला आणि डोकं झाकून थांबला.

“बिघडलाय हा,” ते रुमालाला बोटं पुसत म्हणाले.

“बिघडलेला नाही, काका,” घड्याळजीची मुलगी उभी राहिली. “बसवलाच चुकीचा आहे. दुसऱ्या घड्याळाचा भाग घातला की असाच अडकतो. हा हात ह्यांचा नाही.”

मुंगी, त्या कोपराची तार मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली.

ते गेल्यावर मी स्वतः कोपर सोडवून पाहिलं. दंडाच्या हाडाचं खालचं टोक मोठं आहे, आणि हाताच्या हाडाची खोबण त्या मानाने लहान. दोन्ही एकमेकांवर बसतच नाहीत. तारेने ओढून बसवलीत, म्हणून धक्का लागला की ताण सुटतो आणि हात उडून वर जातो. कोपरापासून खाली सगळा डावा हात दुसऱ्याच माणसाचा आहे. बारीक, हलका. बोटांचे सांधे वापरून झिजलेले. सांगाडे विकणारे असं करतात. एखादा भाग हरवला, फुटला, की दुसऱ्याचा लावून देतात. त्यांच्या लेखी सगळं सारखंच.

त्या तरुण मुलाच्या दंडाला एका बाईचा हात लावलाय. हे मी मनाला विचारून लिहीत नाही. मुलांनी उजव्या हाताशी एकेक हाड लावून मोजलंय, मी फक्त बघत उभी होते.

मुख्याध्यापकांनी निरोप धाडलाय. सत्र संपायच्या आत प्लास्टिकचा सांगाडा येईल, हा पेटीत जाईल. आणि मी पुस्तकातलंच शिकवायचं.

गाठ कुठे होती ते तू अजून सांगितलेलं नाहीस. ‘पडली होती’ हे उत्तर नाही.

ताई


५ मार्च

मुंगी,

रेडिओची आई शाळेत आली. शाळा सुटून मुलं पांगली होती, मी प्रयोगाची भांडी धुऊन पालथी घालत होते. दारात उभी राहून म्हणाली, “ते कुठे आहेत? आमचा मुलगा ज्यांच्याबद्दल बोलतो ते?”

मी दाखवलं. ती समोर जाऊन उभी राहिली. लांब बाह्यांचं होतं अंगात, मनगटापर्यंत. बराच वेळ बघत होती. मग बाही वर सारली आणि आपला हात त्या हाताशेजारी धरला. मला काही बोलावं लागलं नाही. करंगळीकडे, तीच जागा, बोटभर इकडेतिकडे.

“डॉक्टरांना मी जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं,” ती म्हणाली. “त्यांनी लिहून घेतलं. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ह्या मुलाने विचारलं. ताटावर बसलेलो, हे समोर. म्हणाला, आई, हे पडून मोडलेलं नाही.”

“मग?”

“हे ताटावरून उठले. हात धुतले. काही बोलले नाहीत.” थोड्या वेळाने म्हणाली, “ते बोलत नाहीत तेव्हाच सांभाळायचं असतं.”

मी तिला काय सांगायला हवं होतं, बाई म्हणून, शिक्षिका म्हणून? मी एवढंच म्हटलं, “घरी जाऊ नका.”

ती आणि रेडिओ माझ्या आतल्या खोलीत राहतात सध्या. तक्रार नोंदवली, मी सोबत गेले होते. लिहून घेणाऱ्याने पेन खाली ठेवून विचारलं, “इतक्या वर्षांनी?” तिने बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. मग त्याने पेन उचललं.

तिचा नवरा समोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहायचा. संध्याकाळी, खांबाच्या बाजूला, हात खिशात घालून. काही करायचा नाही. ओरडा नाही, धमकी नाही. माझ्या खिडकीकडे बघत नुसता उभा. मी पडदा ओढून घ्यायची, तरी तो दिसल्यासारखा वाटायचा. मग एके दिवशी पाहते तर त्याच्या शेजारी घड्याळजीची मुलगी उभी होती, दप्तर पाठीला. तीसुद्धा काही बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी चौघंजण होते. मग अर्धा वर्ग. त्याच्याकडे बघतही नव्हते, त्याच्याभोवती उभे मात्र होते, जसे पाहुण्यांभोवती उभे राहतात तसे. मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. ‘हे कुणी करायला सांगितलं?’ विचारलं तर म्हणाले, “बाई, नुसतं बघतोय.” आता तो येत नाही.

मी काय शिकवलंय ह्यांना, मुंगी? कधी अभिमानाने ऊर भरून येतो, कधी ह्यांच्यासमोर बाही वर करायला माझीच छाती होत नाही.

तू ये. बाबांना काही म्हण असं मी सांगणार नाही. तू त्यांचं शेवटपर्यंत केलंस, मी केलं नाही, ते तुझं आणि त्यांचं. पण ती पेटी बंद व्हायच्या आधी एकदा ये आणि हाताला हात लाव. तुझ्याशिवाय हे सांगू शकणारं जगात कुणी नाही.

ताई


२८ मार्च

मुंगी,

परत घरी पोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा रेडिओची आई शेजारीच होती, म्हणून मोकळं बोलता आलं नाही. शिवाय काही गोष्टी तुला लिहूनच सांगायच्या होत्या. तू डोळे मिटून घेतले होतेस, तेव्हा वर्गात काय झालं ते तू पाहिलेलं नाहीस.

मुलांनी कोपराची तार सोडून तो हात टेबलावर कापसावर ठेवला होता. मला वाटलं तू बोट फिरवशील. तू खाली वाकलीस आणि त्याच्यावर गाल टेकलास. रेडिओने तोंड भिंतीकडे केलं. घड्याळजीच्या मुलीने मात्र नजर काढली नाही. आपल्याला हे पुढे कधीतरी लागणार आहे, अशा नजरेने ती तुझ्याकडे बघत होती. तू मान जराशी वर घेतलीस, खाली घेतलीस, जागा शोधल्यासारखी.

मग तू म्हणालीस, “ही नाही.”

माझ्या मनात काय आलं ते सांगत नाही. मग तू स्वतःची बाही दुमडलीस, आणि आपल्या हातावर, कोपराच्या जवळ, दोन बोटं ठेवलीस. “आईची इथे होती.” करंगळीकडे. “एवढी वर. माझा कान बरोबर तिथे यायचा.”

घड्याळजीच्या मुलीने विचारलं, “म्हणजे ह्या दुसऱ्या कुणी?” आणि तू तिला म्हणालीस, “हो बाळा. दुसऱ्या कुणी.”

एवढंच. ‘पडली होती’ हे तू पुन्हा म्हणाली नाहीस आणि मी ते काढलं नाही. संध्याकाळी कप विसळताना तू माझ्याकडे पाठ करून म्हणालीस, “मला त्या गाठीची सवय होती, ताई. ती नसली की झोप यायची नाही.” मी कप पुसत राहिले. तुझ्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, एवढं कळत होतं.

आई कुठे आहे ते आपल्याला कळणार नाही. ते मी आता मान्य केलंय, बहुतेक. पण ही जी टेबलावर होती, तिच्या हातावर कुणी झोपत होतं का, हे माझ्या डोक्यातून जात नाही. मुलांच्याही जात नाही. ते वार्निश थोडं थोडं खरवडून बघतात. प्लास्टिकचा सांगाडा आलाय, पांढरा शुभ्र, दोन्ही हात खाली सोडून उभा असतो. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. जुना पेटीत गेलेला नाही. मुख्याध्यापकांनी पुन्हा विचारलंही नाही. तू आलीस त्या दिवशी तेही खोलीत होते.

आता कालचं सांगते. काल पालकसभा होती.

आमचा जिना अंधारा आहे, पायऱ्या झिजलेल्या. मी मुलांना म्हटलं होतं, खाली उभे राहा, पालकांना नीट वर घेऊन या. याखेरीज मी काही सांगितलं नव्हतं, हे तुला शपथेवर सांगते. मी वर दारात उभी होते. पाहते तर मुलं प्रत्येक आईला डाव्या बाजूने धरून आणत होती. “सांभाळून हं काकू, पायरी खोल आहे.” अगदी अदबीने. एक हात पाठीशी, दुसरा मनगट आणि कोपर यांच्या मधोमध. वर पोचलं की क्षणभर सोडत नव्हती. मग सोडायची, हसायची, खुर्ची दाखवायची आणि पुढच्या बाईला आणायला खाली उतरायची.

काही बायका बसल्या. रेडिओच्या आईने त्यांना पाणी दिलं. मग घड्याळजीच्या मुलीने एका बाईंना आणलं, ठेंगण्या, हसतमुख, आमच्या पहिल्या बाकावरच्या मुलाची आई. शेवटच्या पायरीवर मुलीने त्यांचा हात धरून ठेवला, नेहमीपेक्षा जरा जास्त. आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

त्यांच्या मागे जिन्यात बायकांची रांग होती. सगळ्यांना ते दिसलं. जिन्यातली कुजबुज एकदम बंद झाली. मागच्या बाईंनी आपली बाही खाली ओढून घेतली आणि हात पाठीमागे नेला. मला वाटलं, त्या आता वळतील, उतरून जातील. त्यांच्या चपलेचं टोक वळलंही होतं.

मुलगी तिथेच थांबली होती, आता तळहात त्यांच्यापुढे करून.

मग त्या बाईंनी हात पुढे आणला आणि बाही स्वतःच वर सारली.

ताई